मऊ लेन्सच्या ओलाव्याची गोष्ट

मे महिन्यातली परभणी. पारा चाळिशीच्या पुढे, हवा ठणठणीत कोरडी. शिक्षकांच्या शिबिरात जेवणानंतर एका बाईंनी डोळ्यातली कॉन्टॅक्ट लेन्स काढली आणि ती तळहातावर ठेवून बोलत बसल्या. थोड्या वेळाने पाहतो, तर मऊ लेन्स आक्रसून कडक झालेली. "माठातल्या पाण्यात भिजवू का?" असे त्यांनी विचारले. आम्ही घाईघाईने नको म्हटले. कारण पुढे येईलच. आधी हे पाणी पिणारे प्लास्टिक आले कुठून ते पाहू.

१९५२ साली प्रागला जाणाऱ्या रेल्वेगाडीत ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष सहप्रवाशाच्या हातातील नेत्रविज्ञानाच्या मासिकाकडे गेले. डोळ्यात बसवायच्या धातूच्या भागाविषयी त्यात माहिती होती. धातूपेक्षा पाणी धरणारे प्लास्टिक शरीराला अधिक मानवेल, असे विख्टरलेंना वाटले. त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांनी पुढे तसा पदार्थ तयार केला. त्याच्या लांब रेणुसाखळ्यांवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात, आणि साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असल्याने पदार्थ विरघळत मात्र नाही. भिजल्यावर त्याच्या वजनात सुमारे ३८ टक्के पाणी असते.

लेन्स बनवणे काही जमेना. साच्यातून काढताना कडा फाटत. १९६१ मध्ये सरकारने काम थांबवले. विख्टरलेंनी त्याच वर्षीच्या नाताळात घरीच मुलांच्या 'मेर्कुर' खेळण्यातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून फिरता साचा उभा केला. गरगर फिरवलेल्या बादलीत पाणी कडेला चढते आणि मध्ये खळगा पडतो. तसाच खळगा या साच्यातल्या द्रवाला पडला व तो त्याच आकारात घट्ट झाला. पहिल्या चार लेन्स अशा निघाल्या! १९७१ मध्ये अमेरिकेने या लेन्सना मान्यता दिली. त्याच सुमारास, १९६८ च्या जाहीरनाम्यावर सही केली म्हणून, विख्टरलेंचे संचालकपद मात्र गेले होते.

आता ओलाव्याकडे वळू. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू हवेतून घेते. या लेन्समधून प्राणवायू जातो तो पाण्यात विरघळून. म्हणून उत्पादकांनी पाण्याचे प्रमाण वाढवत नेले, काही लेन्समध्ये ७० टक्क्यांपर्यंत. पण जास्त पाण्याची लेन्स डोळ्यात सहसा जास्तच सुकते. 'भरपूर पाणी' हा गुण आम्हाला म्हणूनच अर्धाच वाटतो. लेन्सवरचा अश्रूंचा थर पातळ असतो, तो पापणी मिटण्याआधीच तुटतो आणि उघड्या पृष्ठभागातून पाणी उडू लागते. वाचताना आपण पापण्या कमी मिटतो, तेव्हा तर अधिकच. लेन्स सुकली की तिचा आकार बदलतो, प्राणवायूही कमी पोचतो. १९९९ च्या सुमारास बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलने ही गाठ सोडवली: प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, पाणी कमी असले तरी चालते. कोरडेपणाची तक्रार मात्र पुरती गेलेली नाही.

राहिला माठ. माठातल्या किंवा नळाच्या पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सबरोबर डोळ्यात गेला तर पारदर्शक पटल सडवून दृष्टी घालवू शकतो. थुंकीही तितकीच वाईट. शिवाय कडक झालेल्या लेन्सला बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. ती भिजवून मऊ झाली तरी टाकूनच द्यावी.

बाईंची लेन्स आम्ही मागून घेतली, आलेखाच्या कागदावर ठेवून तिचा व्यास मोजला, मग ती वाटीतल्या सलाइनमध्ये सोडली. चहा होईपर्यंत ती फुगून पुन्हा पसरली होती. दुसऱ्यांदा व्यास मोजायला सगळे शिक्षक टेबलाभोवती गोळा झाले.