दाढीवाली बाई

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत सुरू केलेल्या सर्कशीची भिस्त घोडेस्वारीच्या कसरतींवर होती. युरोप-अमेरिकेत मात्र मुख्य तंबूलगत वेगळे तिकीट लावून विलक्षण देहाची माणसे दाखवली जात आणि त्यांत दाढीवाली बाई हमखास असे. मेक्सिकोची ज्यूलिया पास्त्राना ही अतिरोमता, म्हणजे चेहऱ्यावर व अंगभर दाट केस वाढण्याची जन्मजात अवस्था, असलेली कलावंत स्पॅनिश व इंग्रजीत गाई, सुरेख नाचे. तरी जाहिराती तिला अर्धपशू ठरवीत. १८६० साली मॉस्कोत बाळंतपणानंतर ती वारल्यावर, नवरा आणि व्यवस्थापक असलेल्या थिओडोर लेंटने तिचे व तान्ह्या मुलाचे शव रसायनांनी टिकवून प्रदर्शनात मांडले, ही निखळ क्रूरता होय. मायदेशी तिचे दफन २०१३ साली झाले.