पशुरोगांचा अभ्यास आणि ‘स्ट्रोब-व्हेट’ची शिस्त

गाय कासदाहाने आजारी पडली, तर पशुवैद्यक तिच्यावर उपचार करतो. मात्र ठरावीक गोठ्यांतच हा रोग वारंवार का उद्भवतो, याचे उत्तर एका जनावराच्या तपासणीतून मिळत नाही. त्यासाठी अनेक गोठ्यांची पाहणी करावी लागते. संशोधक स्वतः कोणताही उपाय न योजता प्रत्यक्ष स्थितीची केवळ नोंद घेतात, तेव्हा त्यास निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात.

अशा अभ्यासांचा अहवाल अपुरा असेल, तर निष्कर्ष कितपत विश्वासार्ह आहे हे वाचकाला ठरवता येत नाही. मानवी आरोग्याच्या क्षेत्रात यासाठी २००७ मध्ये ‘स्ट्रोब’ ही २२ मुद्द्यांची सूची प्रसिद्ध झाली. पशुवैद्यकासाठी तिच्यात बदल करण्याच्या हेतूने मे २०१४ मध्ये कॅनडातील मिसिसागा येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले. त्यातून साकारलेली ‘स्ट्रोब-व्हेट’ सूची २०१६ मध्ये अनेक नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. पशुआरोग्याबरोबरच उत्पादन, प्राणिकल्याण आणि अन्नसुरक्षा हे विषयही तिच्या कक्षेत येतात.

वेगळ्या सूचीची गरज का भासली? जनावरे कळपात राहतात. एका गोठ्यातील ४० गायींचा चारा, पाणी आणि दूध काढणारे हात एकच असतात. त्यामुळे १० गोठ्यांतील ४०० गायी म्हणजे ४०० स्वतंत्र उदाहरणे नव्हेत. तसे मानल्यास निष्कर्ष वास्तवापेक्षा अधिक ठाम भासतो. म्हणूनच किती गोठे व त्यांतील किती जनावरे निवडली, किती मालकांनी नकार दिला आणि विश्लेषणात कळपाचा प्रभाव कसा विचारात घेतला, हे स्पष्ट लिहिणे अपेक्षित असते.

रोगाची व्याख्याही नेमकी हवी. दुधात गाठी दिसल्यावरच कासदाह मानला, की दुधातील पेशींची संख्या मोजून सुप्त कासदाहही धरला, यावर आकडे बदलतात. शिवाय वय, वेत, ऋतू यांसारख्या अन्य घटकांचा परिणाम कसा वेगळा केला, हेही नमूद करावे लागते.

ही सूची अभ्यासाला गुण देण्यासाठी नाही. सदोष आखणी उत्तम अहवालाने सुधारत नाही. पण तिचे दोष निदान उघड होतात. अशाच निष्कर्षांवर विसंबून पशुपालक गोठ्यातील व्यवस्था बदलतो आणि खर्च करतो. त्यामुळे अहवालातील मौनाची किंमत अखेर त्यालाच मोजावी लागते.