हृदयाच्या दाराशी

जुन्या वाड्याचे दार बिघडते ते दोन तऱ्हांनी. एक तर बिजागऱ्या गंजून ते पुरते उघडत नाही. नाहीतर फळ्या आक्रसून ते पुरते मिटत नाही. मानवी हृदयाला अशी चार दारे आहेत. रक्ताला पुढे जाऊ द्यावयाचे आणि मागे फिरू द्यावयाचे नाही, एवढेच त्या झडपांचे काम; पण ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा! लहानपणी घसा धरतो, मागाहून सांधे सुजून ताप येतो आणि जातो. घरची माणसे तो विसरतात. झडप विसरत नाही. तिच्या पाकळ्या हळूहळू चिकटतात आणि वीसएक वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. उतारवयात तर तिच्यावर चुन्याचे थर बसतात. अरुंद झडपेमागे रक्त तुंबते, गळक्या झडपेतून ते परत फिरते. आणि रोग्याला रात्री उशांच्या उतरंडीला टेकून बसावे लागते.

अरुंद झालेली द्विदल झडप शस्त्राने मोकळी करता येईल, असे लंडनच्या लॉडर ब्रंटन यांनी १९०२ साली 'लॅन्सेट'मध्ये सुचविले, तेव्हा त्यांच्यावर टीकेचीच झोड उठली. पुढे १९२५ च्या मे महिन्यात हेन्री सूटर या शस्त्रवैद्याने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात आपले बोट घातले आणि झडप चाचपून बोटानेच ती रुंदावली. मुलगी वाचली, पुढे काही वर्षे जगली. आता सूटरच्या दाराशी रोग्यांची रीघ लागली असेल, असे वाचकांस वाटेल. पण त्याच्याकडे असा दुसरा रोगी कोणी पाठविलाच नाही! दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, असा त्या काळच्या थोर वैद्यांचा ग्रह होता. मला वाटते, त्या झडपेपेक्षा हा ग्रहच अधिक घट्ट चिकटलेला होता. त्यापायी जवळजवळ पाव शतक वाया गेले.

ते दार पुन्हा ठोठावले फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेलीने. त्याचे वडील तो लहान असतानाच याच विकाराने गेले होते. त्याचे पहिले रोगी दगावले. सहकारी उघड नावे ठेवू लागले, रुग्णालये दारे बंद करू लागली. १० जून १९४८ रोजी त्याने दोन वेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या. सकाळचा रोगी टेबलावरच गेला. ती वार्ता दुसरीकडे पोहोचून मनाई व्हायच्या आत त्याने दुपारची शस्त्रक्रिया हाती घेतली. चोवीस वर्षांची ती स्त्री वाचली, आणि थोड्याच दिवसांत आगगाडीने शिकागोच्या वैद्यक परिषदेला जाऊन आली! आज कोणी बेलीला अशी मोकळीक देणार नाही, आणि न देण्यातच शहाणपण आहे. तरीही सकाळच्या त्या रोग्याची आठवण ठेवल्यावाचून दुपारचा आनंद सांगू नये.

बोटाने अरुंद झडप उघडते. गळकी मिटत नाही. तिच्या जागी नवी बसवावयास हवी. लोवेल एडवर्ड्स हा साठीच्या घरातला निवृत्त इंजिनियर १९५८ साली ओरेगनमधील डॉ. अल्बर्ट स्टार यांच्याकडे गेला तो अख्खे कृत्रिम हृदय करण्याची कल्पना घेऊन. स्टारने त्याला सांगितले, आधी झडप करू. पिंजरा आणि त्यात वरखाली होणारा चेंडू, अशी ती झडप; तशाच धर्तीचे बाटलीचे बूच शंभर वर्षांपूर्वी निघाले होते. ऑगस्ट १९६० मध्ये ती बसविलेली पहिली स्त्री काही तासांतच, रक्तात हवेचा बुडबुडा अडकून गेली. सप्टेंबरमधला बावन्न वर्षांचा रोगी दहा वर्षे जगला, आणि गेला तोही घराला रंग देताना शिडीवरून पडून.

परदेशी झडपेची किंमत आपल्याकडच्या गरिबाला झेपणारी नव्हती. म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांचे सहकारी देशी झडप करू लागले. आधीच्या रचना एकामागून एक फसल्या. चौथी टिकली, तिच्यात कलती होणारी प्लॅस्टिकची चकती आहे. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम एका रोग्याला बसविली गेली, आणि आजवर लाखाहून अधिकांच्या छातीत ती गेली आहे.

अशी झडप घरात आली की तिच्याबरोबर काही नवे नेमही येतात. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावयाची. हे औषध मुळात उंदरांचे विष म्हणून बाजारात आले होते! अधूनमधून रक्त तपासावयाचे, दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेची कल्पना द्यावयाची. पालेभाजीतले क जीवनसत्त्व नव्हे, 'के' जीवनसत्त्व या गोळीला मारक ठरते. तेव्हा पालेभाजी वर्ज्य नाही, पण आज वाडगाभर अळूचे फतफते आणि मग महिनाभर काहीच नाही, असे करून चालत नाही. रात्री घर निजले की झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. नव्याने आलेला पाहुणा उशाशी घड्याळ शोधतो.