तलवारीची पूजा झाली, म्यानाचं काय?

खंडेनवमीला आमच्याकडे पणजोबांची तलवार माळ्यावरून खाली येते. तेल, हळदकुंकू, झेंडूची माळ, मग फोटो. यंदाही पातं पाटावर गेलं आणि म्यान नेहमीसारखं कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं राहिलं. कातडं तडकलेलं, मागची शिवण वीतभर उसवलेली, आतलं लाकूड दिसतंय. दुरुस्तीला द्यावं म्हणून निघालो तेव्हा कळलं की हे काम करणारा माणूस गावात उरलेला नाही. जिनगर आळी मात्र आहे. आणि सध्या तिचंच नाव बदलायचा विषय निघालाय, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

जीन म्हणजे घोड्याचं खोगीर, शब्द फारसी. जीन करणारा तो जिनगर, जसा सौदा करणारा सौदागर. पण हे लोक फक्त खोगीर शिवत नव्हते. लगाम, तंग, तलवारीचा पट्टा, म्यान, घोडेस्वाराच्या अंगावरचं आणि घोड्याच्या पाठीवरचं बरंचसं सामान त्यांच्या हातून जायचं. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला ते सरकारी पागेतून मिळायचं. म्हणजे गिऱ्हाईक दोन्हीकडून. एका घोड्यामागे किती कातडं, किती टाके लागत असतील, कल्पना करा.

म्यान हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. पात्याच्या बाकाप्रमाणे हलक्या लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या आतून कोरायच्या. पातं आत अडकायला नको आणि घोडा दौडताना खडखडायलाही नको. मग त्यावर ओलं कातडं ताणून चढवायचं आणि मागच्या बाजूने आरीने भोकं पाडत शिवत जायचं. वाळताना कातडं आवळतं आणि लाकडाला घट्ट बसतं. नक्षी हवी असेल तर कातडं ओलं असतानाच. खाली दोरा घालून वर दाबलं की उठावाची रेघ येते. टोकाला धातूचं टोपण, कारण घासलं जातं ते टोकच. सरदाराचं असेल तर वर मखमल. आणि लाकूड मध्ये का, याचंही कारण आहे. कातडं हिरड्याने, बाभळीच्या सालीने कमावलेलं, आणि हा कस लोखंडाला बरा नाही. कातडं थेट पात्याला लागलं तर गंज चढतो. आमच्या घरी उलटं झालं. हौसेने पातं वर्षभर म्यानात ठेवलं, फळी फुटून कातडं आत गेलं, आणि बरोबर तिथेच पात्यावर डाग पडलाय.

हे कातडं कमवायचे ढोर समाजातले लोक. तेही आपल्या पोवाड्यांत फारसे भेटत नाहीत.

मग १८१८ साली पेशवाई गेली. फौजा मोडल्या, पागा रिकाम्या झाल्या. १८४८ ला सातारा, १८५४ ला नागपूर खालसा झालं, उरली दरबारी हौस. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हत्यार बाळगायला परवाना, आणि युरोपियनांना त्यातून सूट. तलवारच नाही तर म्यान कशाला? इंग्रजी फौजेला कातडी सामान लागत होतंच, पण त्यासाठी १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी कारखाना निघाला होता. साहेबाच्या कमरेच्या पट्ट्याला पिस्तुलाचं कातडी घर आणि खांद्यावरून तिरका पट्टा आला. हा तिरका पट्टा सॅम ब्राऊन नावाच्या अधिकाऱ्याचा. १८५८ च्या लढाईत त्याचा डावा हात गेला, आणि एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने तो काढला. आपले पोलीस अधिकारी आजही संचलनाला तोच पट्टा लावतात. आपल्याकडचा तलवारीचा पट्टा कसा होता, हे मात्र आपण नाटकवाल्याला विचारतो.

जिनगर हात जोडून बसले नाहीत. १८८५ चं पुणे जिल्हा गॅझेटियर बघा. पितळी ओतकाम, चित्रं, मातीचे गणपती, पेट्या, कुलपं, अगदी घड्याळदुरुस्तीसुद्धा. कसबी म्हणून इंग्रज लेखक त्यांची तारीफ करतो. आणि त्याच नोंदीत हेही आहे की पुण्याचे न्हावी त्यांची हजामत करायला तयार नव्हते. कारण? जीन करताना कातड्याला हात लागतो. म्हणजे त्या जिनावर मांडी ठोकून बसणाऱ्याला विटाळ नाही, ते शिवणाऱ्याला आहे! धंदा गेला, चिकटलेला शिक्का नाही गेला.

भाषेत सगळं शाबूत आहे बरं का. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. पक्षात खोगीरभरती झाली, हे तर रोजचं. खोगिरात चिंध्या कोंबून भरायचं काम कोण करायचा, ते कुणी विचारत नाही.

आता आळीचं. नाव बदलून एखाद्या मोठ्या योद्ध्याचं द्यावं, असं म्हणणारे बाहेरचेच आहेत असं समजून मी तावातावाने आळीत गेलो होतो. तिथल्या दोन पोरांनीच सांगितलं, "दादा, पत्ता सांगितला की जात कळते. तुम्हाला इतिहास वाटतो, आम्हाला स्थळं बघताना नडतं." मी गप्प झालो. शेजारी गणपतीच्या साच्याला तेल लावत बसलेले आजोबा म्हणाले, "नाव काहीही ठेवा, पण आमचे म्हातारे काय करत होते ते खाली दोन ओळीत लिहा की." मला हे पटलं. पाटीचा निर्णय आळीने करावा, आपण बाहेरच्यांनी नाही. दोन ओळींचा आग्रह मात्र आपण सगळ्यांनी धरू शकतो, आणि येत्या बैठकीत मी तो धरणार आहे.

म्यान शेवटी बसस्टँडजवळच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडे दिलंय. असं काम त्यांनी कधी केलेलं नाही. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा टाका आधी उसवून शिकावा लागेल." आठ दिवसांनी बोलावलंय.

कुणाच्या माळ्यावर जुनं खोगीर, म्यान, पट्टा पडला असेल तर भंगारात देऊ नका. उलटा करा, मागच्या शिवणीचा फोटो काढा आणि मला पाठवा. काकांना दाखवायचाय.