ओळख ऑस्ट्रेलियाची : वॉरिकचा रोडिओ



ऑस्ट्रेलियात येऊन चार-पाच वर्षे झाली की ऑपेरा हाऊस, गोल्ड कोस्ट, फिलिप आयलंडचे पेंग्विन हे सगळे पाहून होते. भारतातून आई-वडील आले की तीच यादी पुन्हा सुरू. माझे वडील मिरज तालुक्यातले, शेतीत वाढलेले. समुद्रकिनारे पाहून कंटाळले, तेव्हा मी त्यांना एका रोडिओला घेऊन गेलो. पहिला बैल रिंगणात आला आणि ते म्हणाले, "अरे, याला वशिंड आहे की! हे तर आपल्याकडचं जनावर."

ते बरोबर होते. कसे, ते पुढे येईलच. त्या दिवशी समोर काय चालले आहे, गुण कसे देतात, मुलांना काय सांगावे, यातले मला फारसे काहीच माहीत नव्हते. नंतर वाचून, विचारून जमवलेली माहिती आपल्या मंडळींच्या उपयोगी पडावी म्हणून इथे देत आहे.

रोडिओ म्हणजे काय?

हा शब्द स्पॅनिश भाषेतला. मूळ अर्थ गुरांना घेरून एकत्र आणणे. मोठ्या चराऊ रानांत हजारो गुरे मोकळी सोडलेली असत. ती गोळा करणे, त्यातली हवी ती बाजूला काढणे, फास टाकून धरणे आणि नवे घोडे वठणीवर आणणे ही गुराख्याची रोजची कामे. ती कोण चांगली करतो यावर पैजा लागल्या आणि पैजांच्या स्पर्धा झाल्या. ऑस्ट्रेलियात या खेळांना पूर्वी रफ रायडिंग, बकजंपिंग, बुशमेन्स कार्निव्हल अशी नावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंबू घेऊन गावोगाव फिरणारे खेळही होते. पुढे अमेरिकी पद्धतीचे नियम आणि रोडिओ हे नाव रूढ झाले. व्यावसायिक स्पर्धकांची संघटना म्हणजे ऑस्ट्रेलियन प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन (आप्रा). तिची मुळे १९४० च्या दशकातली आहेत आणि तिचे मुख्य कार्यालय वॉरिकला आहे.

वॉरिक गाव

वॉरिक हे क्वीन्सलंडमध्ये, ब्रिस्बेनच्या नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर. कनिंगहॅम हायवेने जाताना मध्ये कनिंगहॅम्स गॅपचा घाट लागतो, तो चढून गेले की डार्लिंग डाऊन्सचे काळ्या मातीचे पठार सुरू होते. आपल्याकडची काळी जमीन पाहिलेल्या माणसाला इथे घरच्यासारखे वाटते. अ‍ॅलन कनिंगहॅम या भागात १८२७ मध्ये पोहोचला आणि १८४० मध्ये पॅट्रिक लेस्लीने इथे मेंढ्या आणून कॅनिंग डाऊन्स हे ठाणे वसवले. त्याच्याच शेजारी पुढे वॉरिक वाढले. गाव स्वतःला 'रोझ अँड रोडिओ सिटी' म्हणवते. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस इथे रोडिओ आणि कॅम्पड्राफ्ट एकत्र भरतात.

क्वीन्सलंडमधला दुसरा मोठा रोडिओ माउंट आयसा या खाणींच्या गावातला. तो १९५९ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये भरतो. पण ते गाव ब्रिस्बेनपासून सुमारे १८०० किलोमीटर दूर! कुटुंबाने पहिल्यांदा पाहायला वॉरिकच सोयीचे.

आठ सेकंदांचे खेळ

रोडिओतल्या स्पर्धा दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात उसळणाऱ्या जनावरावर आठ सेकंद टिकायचे असते. आठ सेकंद भरले नाहीत तर गुण शून्य. भरले, तर १०० पैकी गुण मिळतात आणि त्यातले निम्मे स्वाराला, निम्मे जनावराला असतात. म्हणजे गरीब जनावर वाट्याला आले तर उत्तम स्वारही मागे पडतो. कोणाला कोणते जनावर हे चिठ्ठ्या टाकून ठरते. जनावराला आधी लोखंडी च्यूटमध्ये उभे करतात. गुरांच्या दवाखान्यातला खोडा आठवा, साधारण तसाच. स्वार वरून बसतो, मान हलवतो आणि फाटक उघडते. धरायला एकच हात, मोकळा हात जनावराला किंवा स्वतःला लागला तर स्वार बाद.

• सॅडल ब्रॉंक : खोगीर, रिकीब आणि हातात एक जाड दोर. घोड्याच्या पहिल्या उसळीला त्याचे पुढचे पाय जमिनीला लागेपर्यंत स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असाव्या लागतात. नंतर घोड्याच्या लयीत पाय पुढे-मागे. नुसते चिकटून बसण्यापेक्षा या लयीला गुण असतात. नवे घोडे वठणीवर आणण्याच्या कामाशी सर्वांत जवळची स्पर्धा हीच.

• बेअरबॅक : खोगीर नाही. घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या पट्ट्याची मूठ तेवढी धरायची. दंड आणि मानेवर सर्वांत जास्त ताण इथे येतो.

• बुल रायडिंग : सहाशे-सातशे किलोच्या वळूवर बसायचे, वेढा घातलेल्या दोराच्या आधाराने. गर्दीची आवडती स्पर्धा. पण खरे तर कोणत्याही गुराख्याला कामासाठी बैलावर बसावे लागत नसे, हा शुद्ध धाडसाचा खेळ.

स्वार पडल्यावर बैलाला हुलकावणी देऊन स्वतःकडे वळवणारी माणसे रिंगणात असतात. पूर्वी ती विदूषकाच्या वेषात असत. प्रत्यक्षात स्वाराचा जीव त्यांच्याच हातात असतो. घोड्यांच्या स्पर्धांत दोन 'पिक-अप' स्वार असतात. ते धावत्या घोड्याशेजारी येऊन स्पर्धकाला उतरवून घेतात. यांचे घोडेस्वारीचे कौशल्य अनेकदा स्पर्धकांपेक्षाही पाहण्यासारखे असते.

जनावराच्या मागच्या पायांपुढे पोटाभोवती एक पट्टा बांधतात, त्याला फ्लॅंक स्ट्रॅप म्हणतात. तो वृषणांना बांधतात असा सर्वत्र समज आहे, तो चुकीचा. पण त्या पट्ट्याच्या त्रासामुळेच जनावर मागचे पाय अधिक जोरात झाडते, हेही खरे.

वेळेचे खेळ

दुसऱ्या प्रकारात कमीत कमी वेळ लावणारा जिंकतो. जनावराला थोडी आघाडी दिलेली असते, स्पर्धकाने ती मोडून आधीच घोडा काढला तर दहा सेकंदांचा दंड.

• स्टीअर रेसलिंग : धावत्या घोड्यावरून तरण्या बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला आडवे पाडायचे. दुसरा स्वार बैलाला सरळ रेषेत ठेवतो.

• टीम रोपिंग : दोन स्वार. एक शिंगांना फास टाकतो, दुसरा मागच्या पायांना. एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड.

• रोप अँड टाय : वासराला फास टाकून, घोड्यावरून उतरून, त्याचे तीन पाय बांधायचे. सर्वांत वादग्रस्त स्पर्धा. याविषयी पुढे लिहिले आहे.

• ब्रेकअवे रोपिंग : फास पडला आणि दोर ताणला की तो खोगिरापासून सुटतो आणि घड्याळ थांबते. वासराला पाडत किंवा बांधत नाहीत.

• बॅरल रेस : तीन पिंपांभोवती त्रिदळासारखा फेरा. पिंप पडले की पाच सेकंद दंड. ही मुख्यतः स्त्रियांची स्पर्धा.

कॅम्पड्राफ्ट : अस्सल इथला खेळ

वर सांगितलेले बहुतेक खेळ अमेरिकेतही दिसतील. कॅम्पड्राफ्ट मात्र ऑस्ट्रेलियाचा. पहिली औपचारिक स्पर्धा १८८५ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या टेंटरफील्ड इथे झाली असे मानले जाते.

आवारात लहानसा कळप उभा असतो, त्याला 'कॅम्प' म्हणतात. घोडेस्वार त्यातले एक जनावर निवडतो, बाजूला काढतो आणि ते कळपात परत घुसू पाहील तेव्हा घोडा आडवा घालून दोन-तीनदा अडवतो. ताबा आला असे वाटले की फाटक उघडायला सांगतो. मग मोकळ्या मैदानात, ४० सेकंदांच्या आत, घोड्याच्या खांद्याने रेटत त्या जनावराला दोन खुंटांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवायचे आणि शेवटी दोन खांबांमधून न्यायचे. गुण १०० : कळपातून काढण्याला २६, घोड्याच्या कामाला ७० आणि फेरा पूर्ण करण्याला ४. ताबा सुटला की परीक्षक चाबूक कडाडतो, डाव संपला.

इथे फास नाही, दोर नाही. बायका, पुरुष, सत्तरीचे आजोबा, सगळे एकाच स्पर्धेत उतरतात. वॉरिकचा गोल्ड कप हा या खेळातला सर्वांत मानाचा चषक, घोड्यांच्या शर्यतीत मेलबर्न कपला जे स्थान तेच याला.

नावाजलेले खेळाडू आणि एक बैल

क्वीन्सलंडचा डेव्ह ॲपल्टन १९८८ मध्ये अमेरिकेत अष्टपैलू जगज्जेता ठरला. ट्रॉय डन १९९८ मध्ये बुल रायडिंगचा जगज्जेता झाला. चेनसॉ नावाचा बैल १९८७ ते १९९४ या काळात आठ वेळा देशातला सर्वोत्तम उसळणारा बैल ठरला. इथे बैलालाही किताब मिळतो, आपल्याकडच्या नावाजलेल्या शर्यतीच्या बैलांसारखाच!

मात्र या परंपरेची एक बाजू फलकांवर क्वचित दिसते. उत्तरेकडची गुरांची ठाणी आदिवासी गुराख्यांच्या श्रमावर उभी राहिली आणि अनेकांना मजुरी नाममात्र किंवा शिधा-कपड्यांच्या रूपातच मिळे. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारींच्या नेतृत्वाखाली गुरिंजी लोकांनी वेव्ह हिल ठाण्यावरचे काम सोडले. तो लढा पुढे जमिनीच्या हक्काचा झाला. आज रोडिओत आदिवासी स्वार दिसतात तेव्हा ते पाहुणे नसून या विद्येचे वारस आहेत, हे लक्षात ठेवावे.

वशिंडाची गोष्ट

आता वडिलांच्या बैलाकडे. रोडिओतल्या अनेक बैलांत ब्राह्मन जातीचे रक्त असते. ही जात अमेरिकेत तयार झाली, पण मूळ जनावरे भारतातली : गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, म्हणजे 'कृष्णा व्हॅली'. काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढण्यासाठी वाढवलेल्या या कृष्णाकाठच्या जातीला सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी उत्तेजन दिले होते. उष्णता आणि गोचिड सहन करणारी गुरे हवीत म्हणून १९३३ मध्ये ब्राह्मन जनावरे अमेरिकेतून क्वीन्सलंडला आणली गेली आणि उत्तर ऑस्ट्रेलियाचा पशुपालन व्यवसाय बदलून गेला. उलट दिशेने, इथले 'वेलर' घोडे एकोणिसाव्या शतकापासून जहाजाने भारतातल्या लष्करासाठी जात असत. घोडे तिकडे गेले, बैल इकडे आले. आणि दुर्दैव असे की आज कृष्णाकाठची मूळ जात आपल्याच भागात फार थोडी उरली आहे.

जनावरांचे हाल होतात का?

हा प्रश्न मुले विचारतातच, आणि तो टाळू नये. कॅनबेरा ज्यात येते त्या एसीटी प्रदेशात रोडिओला कायद्याने बंदी आहे. व्हिक्टोरियात वासरांसाठी २०० किलोची किमान वजनमर्यादा असल्याने रोप अँड टाय तिथे व्यवहारात बंदच आहे. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फास टाकल्यानंतर वासरांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके वाढलेली आढळली. आरएसपीसीए ही संस्था रोडिओच्या विरोधात आहे. आयोजकांचे म्हणणे असे की नियम आणि पशुवैद्याची देखरेख आहे, आणि उत्तम बैल इतका मौल्यवान असतो की मालक त्याला जिवापाड जपतो.

आपल्याला हा वाद नवा नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्या काळात जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांचा 'आम्ही पोटच्या पोरासारखा बैल सांभाळतो' हा युक्तिवाद इथल्या मालकांच्या तोंडीही ऐकू येतो. म्हणून गावच्या शर्यतीला परंपरा आणि इथल्या रोडिओला क्रौर्य म्हणणे, किंवा त्याच्या उलट, प्रामाणिकपणाचे नाही. एकच मोजपट्टी दोन्हीकडे लावावी. माझ्यापुरते सांगायचे तर कॅम्पड्राफ्ट, बॅरल रेस आणि सॅडल ब्रॉंक मी मुलीला आनंदाने दाखवतो. रोप अँड टाय सुरू झाले की आम्ही आईस्क्रीमच्या गाडीकडे जातो, आणि का उठलो तेही तिला सांगतो.

जाणाऱ्यांसाठी

• तारखा आणि तिकिटे आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहूनच बेत करा. कॅम्पड्राफ्ट अनेक दिवस चालतो, रोडिओचे मुख्य खेळ शनिवार-रविवारच्या सुमारास.
• राहायचे असेल तर खोली फार आधी ठरवा, गाव लहान आहे.
• रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, पाणी आणि संध्याकाळसाठी स्वेटर. पठारावर रात्री गारठा पडतो.
• शाकाहारी मंडळींना चिप्सवर भागवावे लागेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.
• परतताना अंधार पडला तर गाडी सावकाश. कांगारू रस्त्यावर येतात.
• आजी-आजोबांना नक्की न्या. घोडा कसा वळला, बैल कोणत्या अंगाने फिरेल, हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

आमचे वडील त्या दिवशी खेळ संपल्यावर कुंपणापाशी एका म्हाताऱ्या स्टॉकमनशी अर्धा तास बोलत उभे होते. इंग्रजी दोघांचेही एकमेकांना फारसे कळत नव्हते. विषय होता गोचिडांचा.