खर्च मोजला, मिळकत लपली

"गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही. तेंदूची मजुरी आली की उडवतात." हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीत आपण सगळ्यांनी ऐकले आहे. बोलणारा बहुधा एक तारखेला पगार घेणारा असतो. त्याला उत्तर रागाने नको, हिशेबाने द्यावे.

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. घर जितके गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे त्याने दाखवले. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीतही देशाच्या ग्रामीण भागात खर्चातले सुमारे ४६ टक्के अन्नावर गेले, शहरात ३९ टक्के. मग उधळपट्टी कोणाची? तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडे. पैसा एकदम येतो आणि वर्षभराची उधारी, बियाणे, शाळेचा खर्च हेही एकदमच दारात उभे राहतात. लांबून पाहणाऱ्याला तेच उडवणे वाटते.

आमचा मोठा आक्षेप मोजणीवर आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस, ही त्यांची रेषा. काम मोलाचेच होते, पण आधार खर्चाच्या आकड्यांचा. सरकारी दारिद्र्यरेषा पुढेही खर्चावरच आखली गेली.

यात काय होते पाहा. बाईने जंगलातून डोक्यावर आणलेली सरपणाची मोळी, वेचलेले मोहफूल, यांची स्थानिक भावाने किंमत धरून ती घराच्या खर्चात मिळवतात. कर्ज काढून खाल्लेले धान्यही खर्चच. उलट कंत्राटदाराने घेतलेला प्लॉट आणि बँकेतली ठेव या खर्चात येत नाही. गरिबाचे कर्ज त्याला वर दाखवते, श्रीमंताची शिल्लक त्याला खाली दाखवते आणि दरी कागदावरच बुजते! जिल्ह्याच्या सरासरीचेही तेच. चंद्रपूरचा कोळसा, सिमेंट, वीज त्यात येते. नफा कुठे गेला ते येत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, तेव्हा दोष शेतकऱ्याच्या सवयींना दिला नाही. अपुरे भांडवल आणि शेतीवर लटकलेले रिकामे हात हे दुखणे त्यांनी दाखवले, उपाय औद्योगिकीकरणाचा सांगितला. चांद्यात उद्योग आले. मालकी मात्र आली नाही.

मालकी आली की काय होते ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. माणसे तीच, सवयी त्याच.

आपल्या वस्त्यांचे काय? वैयक्तिक वनहक्कासाठी आदिवासीतर कुटुंबाला डिसेंबर २००५ पूर्वीचे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पिढ्यान्पिढ्या सातबाराच नसलेल्या बौद्ध घराने १९३० चा पुरावा कुठून आणायचा?