कृष्णधवल छायाचित्रे आणि आपला कुलवृत्तांत

प्रस्तुत स्मरणिकेसाठी ज्ञातीतील कुटुंबांची जुनी छायाचित्रे पाहत असता एका कन्येने आम्हांस विचारले, "पणजीबाईंच्या कपाळी काळा टिळा कसा? त्या तर सुवासिनी होत्या!" प्रश्न साधा, परंतु त्याचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासात दडलेले आहे.

1839 साली फ्रान्समध्ये दागेर यांची कृती जाहीर झाली. तीत चित्र एकच निघे, प्रती निघत नसत. इंग्लंडात टॅल्बट यांनी 1841 मध्ये निगेटिव्हची कृती पुढे आणली आणि एका निगेटिव्हवरून अनेक प्रती काढणे शक्य झाले. 1851 मध्ये आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत काढली. काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे, म्हणून छायाचित्रकार अंधारी राहुटी बरोबर बाळगीत. मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. ही विद्या आपल्याकडे किती लवकर रुजली, हे यावरून ध्यानी यावे.

आता कुंकवाविषयी. काचेवर वा फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रकाश पडलेला भाग रसायनात काळा होतो, उरलेला क्षार हायपोने धुऊन निघतो. निगेटिव्हवरून छाप घेतला की काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होते. परंतु प्रारंभीच्या लेपांस निळा प्रकाश तेवढा कळे, तांबडा मुळीच नाही. 1873 मध्ये फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून हिरव्या प्रकाशापर्यंत मजल गाठली. सर्व रंग जाणणाऱ्या प्लेटा 1906 मध्ये बाजारात आल्या, तरी जुन्या तऱ्हेची फिल्म पुढे कित्येक वर्षे चालली, कारण तीवर तांबड्या दिव्याच्या उजेडात काम करता येई. ज्या प्रकाशात ती धुतली जाई, तोच तिला दिसत नव्हता! म्हणून लाल शालू व काळी चंद्रकळा चित्रात सारखीच दिसतात, चेहरा आहे त्याहून सावळा उमटतो, आणि कुंकू काळे होते. पणजीबाईंच्या कपाळी कुंकूच होते.

पुढे स्वतंत्र भारतात 1960 साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व उटकमंड येथील तिच्या कारखान्यातून 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म निघू लागली. रंगीत व नंतर संगणकीय छायाचित्रणाच्या लाटेत तो कारखाना बंद पडला. तथापि नीट धुतलेले चांदीचे चित्र आजही टिकून आहे, आणि त्यामानाने कित्येक जुनी रंगीत चित्रे फिकटली आहेत.

येथे आमचा एक अपराध सांगणे प्राप्त आहे. आजोबांनी जपलेल्या काचेच्या निगेटिव्ह आम्ही तरुणपणी गरम पाण्याने धुतल्या आणि त्या काचा देवांच्या तसबिरींना बसविल्या. तसबिरी आजही भिंतीवर आहेत, त्या काचांवर कोण होते हे मात्र सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे. निगेटिव्ह टाकू नका, त्या ओलीपासून जपा. आंबूस वास येणारी फिल्म वेगळी काढून तिची प्रत करून घ्या. छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहा. विशेषतः स्त्रियांची नावे लिहा. समूहचित्राखाली पुरुषांची नावे छापलेली आढळतात, स्त्रियांची क्वचितच, आणि वंशावळीतही त्यांना जागा अपुरी मिळाली आहे. माहेरचे व सासरचे, दोन्ही नावे लिहावी. ज्या वडीलधाऱ्यांना हे चेहरे ओळखता येतात, त्यांच्यापाशी या दिवाळीतच चित्रे घेऊन बसावे. चांदी शंभर वर्षे थांबते, माणसाची आठवण तितकी थांबत नाही.